माणिकरावांचे दोरे

"अक्का, धुवा, पुसा, तेल बदला, काय बी करा, पण दोरे काढू नका. काढायचेच झाले तर आधी मला फोन करा."

चिटगुप्प्याच्या माणिकरावांनी विकलेल्या ट्रॅक्टरची किल्ली हातात ठेवताना हे सांगितलं, तेव्हा शिवलीलानं मान हलवली. मान हलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे लग्नाला पाच वर्षं झालेल्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दोरे होते, हे खरं. पुढच्या जाळीला काळा दोरा, त्यात बिब्बा. सायलेन्सरच्या बुडाशी काळा दोरा, त्यात वाळून खारकेएवढं झालेलं लिंबू. दोन्ही दिव्यांच्या मानेला दोरे, मागच्या हुकाला दोरा आणि त्याला लहान मुलाची एक जुनी चप्पल. सीटखालून तर एक दोरा निघून स्टिअरिंगच्या कडेकडेनं पार बॉनेटखाली गेला होता. तो बहुधा आतल्या भागाची दृष्ट काढत असावा. शिवलीलाला हसू आलं होतं. ती लिंगायत शरणांच्या घरातली. बसवण्णांची वचनं तिला शाळेपासून पाठ, आणि त्यात बिब्बा आणि लिंबू तिला कुठं सापडलं नव्हतं. वर गुलबर्ग्याच्या कॉलेजातली बी.एस्सी., तीही फिजिक्स घेऊन. असल्या बाईला दोऱ्यांची भीती दाखवणं म्हणजे जरा जास्तच झालं.

ट्रॅक्टर घ्यायचा हट्ट तिचा होता. कोहिनूरला, त्यांच्या गावात, भाड्याचे ट्रॅक्टर होते, पण ते सगळ्यांची रानं करून मग यांच्या रानात यायचे, आणि तोवर ओल गेलेली असायची. हे कारण तिनं नवऱ्याला सांगितलं. खरं कारण घरात, पलंगावर, गुडघ्याला तेल चोळत बसलेलं असायचं. सासूबाई सिद्धम्मा दोन वर्षं येळवशीला रानात गेल्या नव्हत्या. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला या मुलखात घराला कुलूप लागतं आणि सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत चुना लावलेले पाच दगड पुजायचे, आंबील प्यायची, डाळी-भाज्यांची भज्जी आणि ज्वारीचे उंडे खायचे. लग्न होऊन आल्यापासून सिद्धम्मांनी एक येळवस चुकवली नव्हती. मग गुडघे गेले. दुसऱ्याच्या ट्रॉलीत बसायला मागावं लागतं, आणि सिद्धम्मांना मागायची सवय नव्हती. दोन वर्षं त्या घरात एकट्या बसून शिळी भज्जी खात होत्या आणि "मला काय, मला हितं बी तेच लागतंय," असं म्हणत होत्या.

"आत्या, या येळवशीला तुम्ही आपल्या ट्रॉलीत बसून जाणार," शिवलीला म्हणाली होती. "माझ्या जबाबदारीवर."

सिद्धम्मांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बघ बाई," एवढंच म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून इरकल साडी काढून वाऱ्याला टाकली. ती साडी पाहिल्यावर माघार घेणं शक्य नव्हतं.

येळवशीला महिना होता. ट्रॅक्टर घरी आला. माणिकरावांनी तो स्वतः चालवत आणला, अंगणात लावला, बंद केला, बॉनेटवर हात ठेवून जरा उभे राहिले आणि चहा घेऊन बसनं परत गेले. शिवलीलानं कॅलेंडरच्या पाठीवर चौदा कामं लिहिली आणि ते कॅलेंडर फ्रिजशेजारी उलटं टांगलं. इंजिनचं तेल, गेरचं तेल, डिझेलचे फिल्टर, हवेचा फिल्टर, रेडिएटर, पट्टा, बॅटरी, ग्रीस, ब्रेक. जुना ट्रॅक्टर घेतला की आधीच्या मालकानं काय केलं असेल त्यावर विश्वास न ठेवता सगळं पहिल्यापासून करायचं, असं मोबाइलवरच्या प्रत्येक व्हिडिओत सांगितलं होतं. 'विश्वास न ठेवता' हे शब्द तिला फार आवडले. तीन वर्षांची मुलगी सांभाळणाऱ्या बाईचा तो स्वभावच होतो.

नवरा शरणबसव गुलबर्ग्याला तूरडाळीच्या मिलमध्ये सुपरवायझर. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या बसनं जायचा. त्यानं कॅलेंडर वाचलं आणि म्हणाला, "चालतंय की ते. चालत्या ट्रॅक्टरला कामून छेडायलीस?"

"चालतंय म्हणूनच आता करायचं. बंद पडल्यावर काय, आरती करायची?"

शरणबसव भांडत नसे. दाणा साल सोडेपर्यंत थांबायचं असतं, हे डाळीच्या मिलमध्ये त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

शिवलीलाचं पहिलं काम मात्र यादीत नव्हतं. येळवशीच्या दगडांसाठी आणलेल्या चुन्यातला डबाभर चुना घेतला आणि तिनं ट्रॅक्टरभोवती गोल रेघ ओढली. "चिन्नी, या रेघेच्या आत यायचं न्हाई. कधीच न्हाई."

"आज्जीनं यायचं?" चिन्नीनं विचारलं.

"आज्जीनं बी न्हाई."

"हावगेप्पा अण्णानं?"

हावगेप्पा अण्णा शेजारचे. त्यांच्याकडे आयुष्यात एक स्कूटर होती, तीही पोराच्या नावावर, पण यंत्रांविषयीचा त्यांचा अधिकार तालुक्यात कुणी नाकारला नव्हता, कारण नाकारायला संधीच मिळत नसे. ते रोज सकाळी स्वतःची खुर्ची घेऊन यायचे आणि चुन्याच्या रेघेला अंगठा टेकवून बसायचे. रेघेच्या आत मात्र कधी गेले नाहीत. पुढे गावात ते सांगत, "त्या बाईनं मला बी मर्यादा घातलीय."

मेकॅनिक व्यंकट औरादकडचा. तेलुगू, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषांत मिळून तो दिवसाला दहाएक वाक्यं बोलायचा. त्यानं खालचा बोल्ट सोडला. काहीच आलं नाही. मग बऱ्याच वेळानं काहीतरी काळं, जाड, नाइलाजानं खाली उतरलं.

"अम्मा, हे तेल न्हाई," व्यंकट म्हणाला. "डांबर हाय."

हवेच्या फिल्टरखालची वाटी काढली. त्यात तेल असायला हवं होतं. चिखल होता, आणि चिखलात गांधीलमाश्यांनी घर केलेलं होतं, तेही दोन खोल्यांचं. शिवलीलाला वाईट वाटण्याऐवजी अंगात बळ आलं. एवढी घाण म्हणजे आपण बरोबरच करतोय. एक-एक काम होत गेलं आणि ती फ्रिजशेजारी जाऊन जोरात खूण करत गेली.

पाचव्या कामाला रेडिएटर. तोटी उघडली आणि पिवळं पाणी आलं. गंजाचा पिवळा नव्हे. चांगला, सणासुदीचा पिवळा. शिवलीलानं वास घेतला. "ही हळद हाय."

"हळद," व्यंकट म्हणाला.

"रेडिएटरमधी हळद कुणी कामून घालंल?"

"शुभ असतंय," हावगेप्पा रेघेबाहेरून म्हणाले.

शिवलीलानं तीनदा स्वच्छ पाण्यानं रेडिएटर धुतला. तळ आरशासारखा झाला. चौथ्यांदा पाणी भरलं आणि ते चार ठिकाणांहून, बारीक धारांनी, अंगणात शिंपण केल्यासारखं बाहेर आलं. जुन्या रेडिएटरची बारीक भोकं हळदीनं बुजतात, हे तिला त्याच दिवशी दिवेलागणीला कळलं. माणिकरावांचा फोन आला.

त्यांचा फोन रोज यायचा, बरोबर दिवे लावायच्या वेळी. चिन्नी त्या वेळेला रडकुंडीला आलेली असायची, चुलीवर भाकरी असायची, आणि पलीकडून माणिकराव सावकाश विचारायचे, "कसा हाय? जेवला का?"

'जेवला का' म्हणजे डिझेल भरलं का. ट्रॅक्टरची चौकशी करताना ते ट्रॅक्टर हा शब्दच वापरत नसत. बायको गेल्यापासून ते एकटे राहत, हे व्यंकटकडून कळलं होतं.

"काका, रेडिएटर गळायलाय."

"धुतलाव काय?"

"व्हय."

"एक मूठभर घाला," माणिकराव म्हणाले. "बाजारची नको. घरची."

शिवलीलानं हळद घातली नाही. रेडिएटर काढून भोकं बुजवायला झाळकामाला पाठवला. त्याला सहा दिवस लागले, आणि ते सहा दिवस सिद्धम्मा साडीची घडी मोडत आणि घालत होत्या. डिझेलच्या टाकीच्या शिवणीवर साबणाची वडी चोळून बसवलेली होती. तीही शिवलीलानं सोडा लावून, घासून काढली, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात डिझेलचं तळं होतं. ती दिवसभर चिन्नीला कडेवरून खाली उतरू देईना. संध्याकाळी माणिकराव म्हणाले, "साबण काढलाव काय?" आवाजात राग नव्हता. म्हणूनच ती जास्त दुखावली गेली. तिची बी.एस्सी. कोणीतरी हातात घेऊन, नीट पाहून, परत जागेवर ठेवल्यासारखं तिला वाटलं.

मधेच एक दिवस ट्रॅक्टर नावावर करायच्या कागदांसाठी आरटीओ ऑफिसात गेला. खिडकीतल्या साहेबांनी दोन फॉर्म शेजारी-शेजारी ठेवले. एकावर माणिकरावांची सही मराठीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये.

"हे दोन माणसं हायत," साहेब म्हणाले.

"साहेब, एकच हायत. मराठी फॉर्मवर मराठी केली, कन्नडवर कन्नड. आमच्याकडं असंच करत्यात."

"तुमच्याकडं करत असतील. कागदावर दोन हायत. त्यांना घेऊन या."

"दोघांना?" शिवलीलानं विचारलं. तिला हे बोलायचं नव्हतं. बोललं गेलं, आणि त्यामुळे काम पुढच्या आठवड्यावर गेलं.

पुढच्या आठवड्यात माणिकराव धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून पहिल्या बसनं आले. दिवसभर बाकड्यावर बसले आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख निळं पडलेलं, त्या अंगठ्यानं ते हवेत काहीतरी ओढत, सोडत होते. कागद झाले तेव्हा चार वाजले होते. "एक दिवस येऊन बसा की अक्का माझ्याकडं," ते म्हणाले. "निवांत. त्याच्या सगळ्या खोडी सांगतो. लिहून घ्या पाहिजे तर."

"येळवस झाली की येते, काका."

"झाली की या," ते म्हणाले, आणि बस आली.

येळवशीच्या आदल्या दिवशी कॅलेंडरवर तेरा खुणा होत्या. उरलेलं काम: शेवटची धुलाई. व्यंकटनं सकाळी ट्रॅक्टर अर्धा तास चालवून पाहिला होता आणि "अम्मा, आता हे तरणं झालं," असं त्याच्या मानानं लांबलचक भाषण करून गावाकडं निघून गेला होता. टाकी गळ्यापर्यंत भरली. शिवलीलानं पाइप लावून चिखल काढला, बॉनेट पुसलं. लाल रंग उजळला. आणि त्या उजळलेल्या लाल रंगावर ते दोरे फार वाईट दिसायला लागले.

हळदीच्या आणि साबणाच्या वेळी आपण चुकलो, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं होतं. गेल्या पंधरा दिवसांत ती माणिकरावांना विचारल्याशिवाय एक वायसर काढत नव्हती. पण हळद गळती थांबवते, साबण शिवण भरतो. लिंबू काय करतं? इथे प्रश्न यंत्राचा नव्हता, तत्त्वाचा होता. तिनं शिवणाची कात्री आणली.

"राहू दे गं," सिद्धम्मा पलंगावरून म्हणाल्या. "कुणाचं मन कशात असतंय."

"आत्या, आपण लिंगवंत. आपल्या ट्रॅक्टरला बिब्बा?"

जाळीचा दोरा गेला, लिंबू गेलं, चप्पल गेली. सीटखालचा दोरा इतर दोऱ्यांपेक्षा चिवट होता. तो तिनं दोन ठिकाणी कापला आणि ओढला. आत कुठंतरी अडकला आणि तुटून आला. सगळे गोळा करून तिनं डब्यात टाकले. फेकले नाहीत, हे तिच्या स्वभावाचं. फ्रिजशेजारी जाऊन चौदावी खूण केली.

तेवढ्यात फोन वाजला. दिवेलागण. चिन्नीनं पिठात हात घातले होते. शिवलीलानं फोन कट केला.

येळवशीची सकाळ. गल्लीभर भज्जीचा वास. शरणबसव आदल्या दिवशीच आलेला, नवीन पांढऱ्या सदऱ्यात. ट्रॉली जोडली, गादी टाकली, आंबिलीचं मडकं कडब्यात रुतवलं. शरणबसवनं किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू झाला. हावगेप्पांनी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

"बंद करा आता," शिवलीला म्हणाली. "आत्यांना चढवू आधी. चालू असताना न्हाई."

शरणबसवनं किल्ली उलटी फिरवली. ट्रॅक्टर चालू. त्यानं किल्ली काढून हातात घेतली आणि तिच्याकडे पाहिलं. ट्रॅक्टर चालू.

"डिझेलचं इंजिन किल्लीनं बंद होत न्हाई," हावगेप्पा म्हणाले. त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच बरोबर होते, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. "खटका ओढा. त्यो बघा, तिथं लिवलंय."

शरणबसवनं पुढचा खटका ओढला. खटका आला, त्याच्यामागून हातभर गंजलेली तारही आली, आणि दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात खटका घेऊन तो सिंहासनावरच्या राजासारखा बसून राहिला. खाली ट्रॅक्टर धडधडत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा ट्रॅक्टर महिनाभरात सहा-सात वेळा सुरू झाला होता आणि तितक्याच वेळा बंदही झाला होता. पण सुरू झाला की शिवलीला चिन्नीचे दोन्ही कान झाकून तिला आतल्या खोलीत न्यायची. तो बंद कसा होतो, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. चौदा कामांच्या यादीत तो प्रश्न नव्हता. ट्रॅक्टर सुरू कसा राहील, एवढंच तिनं पाहिलं होतं.

तिनं व्यंकटला फोन लावला. बंद. माणिकरावांना लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. गावात दुसरा मेकॅनिक, तालुक्यात तिसरा. येळवशीच्या दिवशी सगळे आपापल्या रानात, कोपीत, फोन घरी ठेवून. या दिवशी या मुलखात तुम्ही आजारी पडू शकत नाही आणि ट्रॅक्टर बंद करू शकत नाही.

गल्ली जमली. "हवेच्या तोंडात पोतं कोंबा," एक म्हणाला. "नव्या फिल्टरात? माझ्या?" शिवलीला म्हणाली, आणि तो माणूस मागे सरला. "डिझेल संपू द्या की," दुसरा म्हणाला. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. उद्या सकाळपर्यंत वाट पाहावी लागली असती. हावगेप्पा म्हणाले, "मोठ्या गेरात घाला, ब्रेक दाबून धरा, क्लच सोडा. आपोआप मरतंय. माझी स्कूटर मी तसंच मारायचो."

हे बरोबर होतं, म्हणून जास्त वाईट झालं. ट्रॉली सोडली. शरणबसवनं गेर टाकला, ब्रेक दाबला, क्लच सोडला. पण ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन, एकेका चाकाला एक; दोन्ही जोडणारी कडी लावायची राहिली होती आणि त्याचा पाय एकावरच. एक चाक थांबलं, दुसरं निघालं. ट्रॅक्टर घाण्याच्या बैलासारखा गोल फिरला, चुन्याची रेघ जिथून ओलांडायची नव्हती तिथून ओलांडली आणि हावगेप्पांच्या वर्षभराच्या गोवऱ्यांच्या ढिगात नाक खुपसून उभा राहिला. चालूच.

मग चिन्नी आजीच्या मांडीवरून म्हणाली, "अप्पा रेघेच्या बाहेर गेले."

"माझ्या गोवऱ्या," हावगेप्पा म्हणाले.

शिवलीलानं सिद्धम्मांकडे पाहिलं. त्या इरकल साडी नेसून, ओसरीच्या कडेला, काठी धरून तयार बसल्या होत्या. त्यांनी पदर जरासा मागे घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे बाई. मला काय, मला हितं बी तेच लागतंय."

तेवढं वाक्य पुरलं.

शिवलीलानं ओचा खोचला. गोवऱ्यांच्या ढिगापाशी जाऊन ट्रॅक्टरवर चढली, दोन्ही पेडलांची कडी स्वतःच्या हातानं लावली, शरणबसवला दोन्ही ब्रेक तीनदा दाबून दाखवायला लावले. "आता एक प्रयोग न्हाई," ती म्हणाली. "बंद होत न्हाई ना? मग चालूच जाऊ. ट्रॅक्टर चालण्यासाठीच असतंय." ट्रॉलीच्या चाकांखाली चार दगड लावले, ट्रॅक्टर लांब ठेवून सिद्धम्मांना आधी ट्रॉलीत बसवलं, मग जोडणी केली. चिन्नीला मांडीत घट्ट धरून ती सासूशेजारी बसली. "सावकाश. हावगेप्पा अण्णा, तुम्ही बी चला. गोवऱ्यांचं उद्या बघू, आज जेवायला आमच्याकडं."

हावगेप्पा खुर्चीसकट ट्रॉलीत बसले.

अशी त्या वर्षीची येळवस. बांधावर उभ्या बायका हाका मारत होत्या, सिद्धम्मा हात वर करून उत्तर देत होत्या, आणि कुणालाच एकमेकींचं काही ऐकू येत नव्हतं. रानात ट्रॅक्टर लिंबाखाली धडधडत उभा राहिला. शरणबसव पाय ब्रेकवर ठेवून सीटवरच बसला; त्याला आंबील वर नेऊन द्यावी लागली. पूजा झाली ती खुणांनी. पाच दगडांपुढं सिद्धम्मा काय पुटपुटल्या ते त्यांना आणि दगडांनाच ठाऊक. हावगेप्पा भज्जी मागत होते तर त्यांना खीर वाढली जात होती, आणि ते खातही होते.

शिवलीला जेवली नाही. तिनं चिन्नीला आजीजवळ दिलं आणि ट्रॅक्टरपाशी आली. भीती होती, पण आता तिला राग जास्त आला होता, आणि रागात ती चांगला विचार करायची. इंजिन चालतं ते डिझेलवर. डिझेल येतं ते पंपातून. मग पंपात कुठंतरी ते अडवायची जागा असलीच पाहिजे. आणि हातभर तारेचं दुसरं टोक कधीकाळी तिथंच असणार. तिनं मोबाइलची बॅटरी लावली, पंख्यापासून अंतर ठेवून आत पाहिलं. पंपाच्या कडेला बोटाएवढा एक खटका होता. आणि त्या खटक्याला दुहेरी गाठ मारलेला, चार बोटं लांबीचा, टोकाला तुटलेला काळा दोरा.

तिला सगळं एकदम समजलं. सीटखालून, स्टिअरिंगच्या कडेनं, बॉनेटखाली. तार तुटल्यावर माणिकरावांनी तिथं दोरा बांधला होता, आणि महिनाभर व्यंकटही तोच ओढत असणार. ऑफिसातल्या बाकड्यावर निळ्या नखाचा अंगठा हवेत ओढत होता तो हाच. आतल्या भागाची दृष्ट.

तिनं चार बोटांचा तो तुकडा चिमटीत धरला आणि ओढला.

इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं. रान एवढं शांत झालं की लांबच्या कोपीतलं हसणं ऐकू आलं. आणि त्या शांततेत हावगेप्पा, आवाज खाली आणायचं भान न राहून, पूर्ण गळ्यानं ओरडले, "खीर नको म्हणलं, भज्जी वाढा!"

सिद्धम्मा हसल्या. गुडघ्यावर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सुनेला जवळ बोलावून स्वतःच्या ताटातला उंडा मोडून तिच्या तोंडात घातला. "पुढल्या येळवशीला बी," त्या म्हणाल्या, "असंच आण मला. जरा कमी आवाजात."

तिथूनच, कोपीच्या तोंडाशी बसून, शिवलीलानं परत माणिकरावांना फोन लावला. सांगायचं खूप होतं. वाजत राहिला. इतके दिवस तो फोन पहिल्या घंटीला उचलला जायचा. त्या संध्याकाळी दिवे लागले आणि तिकडून फोन आला नाही. भाकरी करता-करता तिनं चारदा मोबाइल पाहिला. दुसऱ्या दिवशीही नाही.

सोमवारी ती चिन्नीला घेऊन चिटगुप्प्याला गेली. दाराला कुलूप. ट्रॅक्टर उभा राहायचा तिथं जमिनीवर तेलाचा जुना काळा डाग, आणि त्या डागावर एक खुर्ची. शेजारीण म्हणाली, "लेकानं गुलबर्ग्याला नेलं. अमावस्येच्या आदल्या रात्री छातीत दुखायलंय म्हणत होते. दवाखान्यात हायत का घरी, ते न्हाई बाई माहीत. फोन हितंच विसरला वाटतंय. आत वाजतोय मधी-मधी."

आत वाजणारा फोन आपलाच, हे शिवलीलानं सांगितलं नाही.

लेकाचं घर कुठं, तर तिघांनी तीन कॉलन्यांची नावं सांगितली. शरणबसव मिल सुटली की एकेक कॉलनी पाहतो आहे. त्याचा स्वभाव थांबण्याचा असला तरी शोधायला तो चिवट आहे. शिवलीलानं सीटखाली नवा दोरा बांधला आहे, मेणाचा, तीनपदरी, पंपापर्यंत नेलेला. कॅलेंडरवर पंधरावं काम लिहिलं आहे, 'माणिकरावांकडं जाऊन बसणं', आणि त्यापुढे अजून खूण केलेली नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही गुलबर्ग्यात असाल, किंवा कामानं जाणार असाल, तर स्टेशनकडच्या, रिंग रोडकडच्या, कुठल्याही गॅरेजपुढं जरा थांबा. धोतर, पांढरी टोपी, उजव्या अंगठ्याचं नख निळं, आणि दुसऱ्याच्याच ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असतील. दवाखान्यात असलात तर पुरुषांच्या वॉर्डात एक चक्कर मारा. हवेत काहीतरी ओढणारा अंगठा लगेच ओळखू येईल. त्यांना विचारा कसे आहात, जेवलात का. सांगा, कोहिनूरच्या अक्कानं दोरा परत बांधलाय, गाठ दुहेरी मारलीय, आणि बाकीच्या खोडी लिहून घ्यायला ती वही घेऊन बसलीय. आणि फोन करायला सांगा. दिवेलागणीलाच करा म्हणावं, ती उचलेल.